चित्रकलेची साधने : कोठे शोधावीत, कशी वापरावीत

(हवेली व खेड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या दिघी येथील मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



या मेळाव्यासाठी विषय सुचवावेत असे आपणांस कळविले होते. त्याप्रमाणे ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांपैकी पुष्कळ चिठ्ठ्यांत एकच मागणी निरनिराळ्या शब्दांत केलेली आढळली. आमची स्वतःची चित्रकला बेताचीच आहे. ती सुधारावी व मुलांसही काही शिकविता यावे, यासाठी चांगली पुस्तके, नमुने व साधने कोठे मिळतील ते सांगावे, अशी ती मागणी. एका भगिनींनी तर स्पष्टच लिहिले आहे की, फळ्यावर गाय काढली तर मुले तिला शेळी म्हणतात. ही मागणी मला रास्त वाटते, आणि तिच्यातील प्रामाणिकपणा विशेष आवडला. म्हणून आज इतर विषय बाजूस ठेवून मी याच एका विषयाविषयी बोलणार आहे.

आरंभीच एक वस्तुस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा आपणां सर्वांस परिचित आहे. त्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तेव्हाच त्या शाळेस कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळावयाचा. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी तशी तरतूदच नाही. म्हणजे आपल्या बहुसंख्य शाळांत जो शिक्षक भाषा शिकवितो, गणित शिकवितो, पोषण आहाराची नोंद ठेवितो, तोच चित्रकलेचाही शिक्षक होय. खास शिक्षक येईल आणि मग चित्रकला सुरू होईल, या आशेवर बसलो तर आजची पहिलीतली मुले पाचवी ओलांडून जातील. तेव्हा आपण चित्रकार नाही ही सबब पुढे करण्यात अर्थ नाही. आपण कवी नसतो, तरी कविता शिकवितोच.

आता साधनांकडे वळू. शाळातपासणीच्या निमित्ताने मी मुलांच्या चित्रकलेच्या वह्या नेहमी पाहतो. गाव कोणतेही असो, वहीत एक चित्र हटकून सापडते : त्रिकोणी असे दोन डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, खाली वाहत येणारी नदी, नदीकाठी एक झोपडी व झोपडीशेजारी नारळाचे झाड. आकाशात मराठी चाराच्या आकड्यासारखे चारदोन पक्षी. मी आपणांस विचारतो, आपण आत्ता ज्या दिघीत बसलो आहोत, तेथे यांपैकी काय आहे? येथे दत्तगडाची टेकडी आहे. ती त्रिकोणी नाही, तिचा माथा पसरट आहे. आळंदीकडे जाणारा रस्ता आहे, आणि आषाढी वारीत त्याच रस्त्याने ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याकडे जाते. लष्कराच्या भिंती आहेत, इमारतींवर पाण्याच्या काळ्या टाक्या आहेत. १९९७ साली दिघी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेली, आणि त्यानंतर येथील मुलांच्या डोळ्यांपुढचे दृश्य वर्षागणिक पालटत आले. वहीतले दृश्य मात्र तसूभरही पालटले नाही. ते आले कोठून? ते मुलाने पाहिलेले नाही. ते फळ्यावरून वहीत आले, आणि फळ्यावर ते आपण आपल्या लहानपणच्या वहीतून आणले.

चाकणजवळच्या एका शाळेत इयत्ता तिसरीत एक मुलगी होती. वडील कारखान्यात कामास असल्याने ती परप्रांतातून वर्षाच्या मध्येच शाळेत आलेली. मराठी येत नसल्याने वर्गात जवळजवळ मुकीच बसे. ‘माझे गाव’ या विषयावर चित्र काढावयास सांगितले, तेव्हा वर्गाने डोंगर व झोपडी काढली. हिने फोर्कलिफ्ट काढली. खोकी उचलून रचणारे ते वाहन. पुढचे दोन लोखंडी दात, ते वर सरकण्याची उभी चौकट, मागचे जड अंग, चालकाच्या डोक्यावरची जाळी. सर्व काही यथास्थित. बाप तेच वाहन चालवीत होता, हे पुढे समजले. त्या चित्राखाली शेरा होता : ‘विषयाला धरून नाही’. माझ्या मते त्या वर्गात विषयाला धरून असलेले चित्र तेवढे एकच होते. त्या मुलीस काही सांगावयाचे होते व ते सांगण्याची भाषा तिच्याजवळ होती. आपल्या या कारखानदारीच्या पट्ट्यात कितीतरी शाळांत तीनतीन, चारचार मातृभाषांची मुले एका वर्गात बसतात. त्यांस पहिल्या दिवसापासून समान असलेली भाषा रेषेची आहे, आणि ती आपण आयत्या नमुन्याने बंद करून टाकतो. म्हणून साधने शोधण्याचा हा प्रश्न शोभेच्या विषयाचा आहे असे मी मानीत नाही.

यावरून नक्कल करणेच वाईट, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची स्थापना १८५७ सालची. तेथील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. अंधाऱ्या लेण्यांत बसून ते विद्यार्थी हाताची एकेक मुद्रा उतरवून घेत होते. त्यांनी केली ती नक्कलच. युरोपातील थोर चित्रकार रेम्ब्रांट याने उतारवयात आपल्या देशातील मोगल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली, ती आजही पाहावयास मिळतात. तीही नक्कलच. परंतु या माणसांनी पुढ्यातील चित्रास काही प्रश्न विचारले होते : ही रेषा येथे जाड का झाली, हा खांदा असा का वळला? उत्तम कृतीची अशी नक्कल म्हणजे अभ्यास होय. डोंगर-सूर्याच्या चित्रास विचारण्याजोगा प्रश्नच नसतो, म्हणून त्याची नक्कल वांझ ठरते.

तेव्हा पहिले साधन कोणते? तर समोरची वस्तू. हे ऐकून काहींची निराशा होईल. पुस्तकांची यादी मिळेल या अपेक्षेने आपण वही उघडून बसला आहात. पुस्तकांकडे मी येणारच आहे. पण वस्तूकडे पाहावयास शिकल्यावाचून पुस्तकाचा उपयोग होत नाही, म्हणून प्रथम आपल्या घरातील तांब्या घेऊ.

तांब्या काढताना आपण बहुतेक सर्व जण तोंडाशी एक लांबट वर्तुळ काढतो आणि बुडाशी सरळ आडवी रेघ ओढतो. तांब्या जमिनीवर ठेवलेला असतो आणि जमीन सपाट आहे हे आपणांस ठाऊक असते, म्हणून हात सरळ रेघ ओढतो. येथे आपण डोळ्याने पाहिलेले न काढता मनाने जाणलेले काढतो. आता एक प्रयोग करावा. काठोकाठ सारख्या रुंदीचा स्टीलचा डबा, किंवा काचेचा पेला घ्यावा. तो डोळ्याच्या समपातळीवर धरला की त्याचे तोंड वर्तुळाकार न दिसता केवळ एक आडवी रेघ दिसते. हळूहळू खाली न्यावा. तोंड उघडू लागते, प्रथम चिंचोळे व मग अधिकाधिक गोल. आता बुडाकडे पाहावे. बूड हे तोंडापेक्षा डोळ्याच्या पातळीपासून अधिक खाली आहे, म्हणून त्याचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा अधिक गोल दिसला पाहिजे. आणि तो तसाच दिसतो. काचेच्या पेल्यात हे स्पष्ट होते, कारण बुडाची मागची कडही दिसते. एवढे एक सत्य ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पडताळले, त्याचा तांब्या, बादली, हंडा, विहिरीचा कठडा, पाण्याची टाकी आणि ट्रकचे चाक ही सर्व एकाच आठवड्यात सुधारतात. पाचवीच्या पुढील मुलांस हा प्रयोग अवश्य दाखवावा. त्याला दहा मिनिटे लागतात व खर्च काहीच नाही.

प्रमाण मोजण्याची रीतही अशीच साधी आहे. हात कोपरात न वाकविता पुढे ताठ करावा, पेन्सिल उभी धरावी, एक डोळा मिटावा. पेन्सिलीच्या टोकाने वस्तूचा माथा व अंगठ्याने तिचा तळ साधावा. तीच पेन्सिल आडवी करून रुंदी पाहावी. उंची रुंदीच्या दीडपट आहे की दुप्पट, हे लगेच कळते. हात वाकला की माप चुकते, इतकेच सांभाळावयाचे. याहून उपयुक्त अशी आणखी एक युक्ती आहे. कपाचा कान काढताना कानाकडे न पाहता, कान आणि कप यांच्यामधील पोकळीकडे पाहावे व त्या पोकळीचा आकार काढावा. कान कसा असतो याविषयी आपल्या मनात आधीच एक कल्पना ठाण मांडून बसलेली असते; पोकळीविषयी तशी काही कल्पना नसते, म्हणून ती आपण खरी पाहतो. ज्या भगिनींच्या गाईची शेळी होते, त्यांनी गाईच्या चार पायांमधील मोकळ्या जागा आधी पाहाव्यात. पोटाखालची ती जागा किती रुंद व किती उंच आहे हे साधले की पुष्कळसे काम होते. गाय व शेळी यांतील खरा फरक शिंगांत कमी आणि देहाच्या प्रमाणांत अधिक आहे.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांचे नाव आपण ऐकले असेल. १९३१ साली ते निवर्तले. रंकाळा तलाव, त्यातील संध्यामठ, कोटीतीर्थ ही त्यांच्या गावचीच स्थळे. ती त्यांनी पुनःपुन्हा, निरनिराळ्या प्रकाशात रंगविली. इंद्रायणीचा घाट आपल्यापासून किती अंतरावर आहे? एकच घाट सकाळी, भर दुपारी व दिवेलागणीस पाहिला तर सावल्यांचा जो धडा मिळतो, तो छापील पुस्तकात मिळणे कठीण.

हे सर्व मी प्रामुख्याने शिक्षकांच्या स्वतःच्या अभ्यासासाठी व वरच्या वर्गांसाठी सांगितले. पहिली-दुसरीच्या मुलांस बुडाचा बाक शिकविण्याच्या भरीस कोणी पडू नये. लहान मूल घर काढते आणि भिंतीतून आरपार आतली माणसे, चूल, पाळणा, सर्व दाखविते. ते चुकले नाही. त्याला जे ठाऊक आहे ते ते सांगत आहे. ऑस्ट्रियात जन्मलेले व पुढे अमेरिकेत गेलेले शिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांच्या या पायऱ्या क्रमवार मांडल्या. प्रथम गिरगोट्या, मग डोके व पाय एवढाच माणूस, मग जमिनीच्या रेघेवर ओळीने मांडलेले जग, आणि नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास ‘खऱ्यासारखे’ काढण्याची ओढ. हीच वेळ नाजूक असते. मुलास आपले चित्र खऱ्यासारखे नाही हे दिसू लागते. खऱ्यासारखे कसे करावे हे कोणी दाखवीत नाही. आणि ते चित्र काढणेच सोडून देते. आपणांपैकी किती जणांनी तिसरी-चौथीनंतर चित्र काढले नाही, हे मनातल्या मनात आठवावे. म्हणून तांब्याचा व पेन्सिलीचा धडा चौथी-पाचवीत आला पाहिजे. त्याच्या आधी आला तर ओझे होतो, नंतर आला तर घेणारा उरलेला नसतो.

आता रंगांचे व कागदाचे. रंगपेट्या आणण्यास पैसे नाहीत ही तक्रार खरी आहे. परंतु पैशावाचून रंग नाहीत हे खरे नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ज्या वारली चित्रपरंपरेत ते वाढले, तिची सामग्री म्हणजे गेरूने किंवा शेणमातीने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन एवढ्यांतून माणसे, जनावरे, लग्ने, नाच, शेतकाम. लग्नाचा चौक लिहिण्याचे हे काम पूर्वी सुवासिनींचे असे. म्हशे यांनी ते नित्याची साधना म्हणून हाती घेतले व जगभर पोहोचविले. दुसरे उदाहरण खानदेशातले. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. गांधीजींनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बसू यांस बोलाविले व बांबू, गवत अशा गावात मिळणाऱ्या वस्तूंनीच अधिवेशनाची नगरी सजवावयास सांगितले. पुढे १९३८ साली हरिपुरा येथील अधिवेशनासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीच्या रंगांत जी चित्रे केली, ती आज राष्ट्रीय ठेवा मानली जातात. त्यांत सुतार आहे, चांभार आहे, ढोलकीवाला आहे.

आपणांस करता येण्याजोगी कृती सांगतो. गेरू व काव बाजारात मिळते. कोळसा, चुना, हळद, कपड्यांची नीळ घरात असते. मातीचे खडे कुटून फडक्यातून दोनदा वस्त्रगाळ करावेत. बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी गाळून घ्यावा. भुकटीत हे डिंकाचे पाणी थोडे थोडे घालून घोटावे. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटास लागतो. अधिक झाला तर पोपडे सुटतात. आधी एका कोपऱ्यात लावून वाळू द्यावा व मगच वर्गास द्यावा. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून ती चित्रे खिडकीशी टांगू नयेत. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते. हा चमत्कार मुलांस दाखवावा, म्हणजे विज्ञानाचा एक पाठही त्याच वेळी होईल. चुना मात्र शिक्षकाने स्वतःच मिसळावा. लहान मुलांच्या हाती देऊ नये.

कागदाच्या बाबतीत तर आपला हा पट्टा भाग्यवानच म्हटला पाहिजे. कारखान्यांत येणारा माल पुठ्ठ्याच्या खोक्यांत येतो, आणि ती खोकी भंगारात जातात. ती उकलली की तपकिरी रंगाचा मोठा, भक्कम फलक मिळतो. त्यावर चुन्याचा पांढरा व कोळशाचा काळा असे काही उठून दिसतात की, पांढऱ्या कागदावर तशी मजा नाही. मुलास वहीच्या वीतभर पानावर काढावयास लावण्यापेक्षा हातभर पुठ्ठ्यावर काढावयास लावावे. मनगटाऐवजी खांद्यापासून हात फिरू लागतो व रेषेत बळ येते. एकच काळजी घ्यावी : रसायने, तेल किंवा रंग यांची खोकी वा पिंपे शाळेत मुळीच आणू नयेत, कोरड्या सुट्या भागांचीच आणावीत. कारखान्यास मुख्याध्यापकांनी रीतसर पत्र द्यावे. तोंडी मागितलेले राहून जाते.

रांगोळीविषयी दोन शब्द. ठिपक्यांची रांगोळी ही भूमिती आहे, हे सांगावयास नको. आपल्या शाळेतील मुलांच्या आया व आज्या या विषयात आपणांहून अधिक जाणतात. महिन्यातून एकदा एखाद्या मातेस शाळेत बोलावून ओट्यावर रांगोळी काढावयास सांगावे व मुलांनी ती ठिपक्यांच्या कागदावर उतरून घ्यावी. परप्रांतीय मातांसही बोलवावे. त्यांच्याकडील चौक-अल्पनांची वळणे निराळी आहेत.

आता पाहण्याजोगी चित्रे. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा छापखाना काढला, आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घरोघर गेली. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला व काही वर्षांतच तो आपल्या जिल्ह्यात, मळवलीस आला. आजीच्या देवघरातील लक्ष्मी व सरस्वती यांच्या तसबिरी जुन्या असतील, तर त्या मळवलीहून आलेल्या असण्याचा संभव आहे. मुलांस अशा तसबिरी आणावयास सांगून त्यांतील वस्त्रांच्या चुण्या, प्रकाशाची दिशा, हातांची ठेवण यांचे निरीक्षण करवावे. सहलीसाठी मी मळवलीच सुचवीन. कासारवाडीहून लोणावळ्याच्या लोकलने जाता येते. भाजे लेणी तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, कार्लेही जवळ आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेले हत्ती, रथ व दागिने समोर बसून काढता येतात. मुलांस पाटी-पेन्सिल न देता नुसते फिरवून आणणे म्हणजे पंगतीत नेऊन उपाशी आणणे होय. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथी परंपरेची चित्रे, दिवे, अडकित्ते व भांडी आहेत. आकार पाहण्यास याहून चांगली जागा नाही. सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी संग्रहालय मोठ्या सुटीत स्वतः जाऊन पाहावे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते व त्यांनी तो संग्रह प्रजेसाठी खुला केला.

पुस्तकांत, बालभारतीचे ‘खेळू, करू, शिकू’ हे आपल्या हाताशी आहे. ते कपाटातून बाहेर यावे, एवढीच विनंती. शिक्षकांच्या स्वतःच्या अभ्यासासाठी पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची रेखाटनावरील व जलरंगावरील पुस्तके चांगली आहेत; मिलिंद मुळीक यांची जलरंगाची पुस्तके तर आपल्याच परिसरातील रस्ते, वाडे, पाऊस दाखवितात. महाराष्ट्रातील चित्रकारांची माहिती हवी असेल तर सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादित केलेला ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड तालुक्याच्या ग्रंथालयाकडून मागवावा. मुलांच्या चित्रांचे मर्म समजून घेण्यासाठी मी एकच नाव घेईन : देवीप्रसाद. शांतिनिकेतनात शिकलेले हे कलाशिक्षक १९४४ पासून १९६२ पर्यंत सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत होते. त्यांचे ‘शिक्षा का वाहन : कला’ हे हिंदी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने काढले आहे. खेड्यातील मुले डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असल्याने ते आपणांस परके वाटणार नाही.

मोबाइलविषयी बोलल्यावाचून गत्यंतर नाही, कारण आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशात तो आहे. दीक्षा ॲपवर आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमागे जे आहे ते पाहावे. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन व हॉलंडमधील राइक्स या संग्रहालयांनी आपल्या अनेक चित्रांच्या मोठ्या प्रतिमा विनामूल्य खुल्या केल्या आहेत. कुंचल्याचा एकेक फटकारा दिसेपर्यंत त्या मोठ्या करता येतात. रेम्ब्रांटची रेखाटने आंबेठाणच्या शाळेत बसून पाहता येणे, ही सोय मागच्या पिढीस नव्हती. ‘एका मिनिटात मोर काढा’ असल्या चित्रफिती मात्र त्या जुन्या डोंगर-सूर्याचीच नवी आवृत्ती आहेत. त्यांत हात दिसतो, मोर दिसत नाही. ज्या चित्रफितीत चित्रकार अधूनमधून मान वर करून वस्तूकडे पाहतो, तीच निवडावी, व ती मध्येमध्ये थांबवून मुलांस विचारावे की, आता पुढची रेघ कोठे जाईल?

वरच्या वर्गांच्या शिक्षकांसाठी एक सूचना. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवाव्यात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे त्यांचे विषय आहेत. मुलगा परीक्षेस बसो अगर न बसो, त्या प्रश्नपत्रिका शिक्षकास उत्तम अभ्यासक्रमाचे काम देतात. पालक विचारतात की, चित्र काढून पोट भरते काय? त्यांस सांगावे की आय.टी.आय.मध्ये अभियांत्रिकी आरेखन असते, आणि तेथे एकच वस्तू समोरून, वरून व बाजूने कशी दिसेल हे काढावे लागते. ज्या मुलाने चौथीत तांब्या समोरून व वरून पाहून काढला आहे, त्याला हे तेथे प्रथमच ऐकल्यासारखे वाटणार नाही. चाकणच्या कारखान्यात पुढे जाणाऱ्या मुलास याचा उपयोग आहे. पालकांस एवढे पुरेसे असते. बाकीचे आपणांस ठाऊक असले म्हणजे झाले.

शेवटी कामाचे. पुढील महिन्याच्या शिक्षण परिषदेस प्रत्येकाने स्वतः काढलेली तीन रेखाटने आणावीत : एकाच तांब्याची, डोळ्याच्या पातळीवर, कमरेच्या पातळीवर व जमिनीवर ठेवून. खोडरबर वापरू नये; चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी, तिच्याशेजारी दुसरी काढावी. नाव मागील बाजूस लिहावे. सर्व रेखाटने भिंतीवर लावू व त्यांपुढे उभे राहून तासभर बोलू. आणि प्रत्येक शाळेने मुलांची पाच चित्रे आणावीत. त्यांत आपल्या गावाबाहेरची एकही गोष्ट नसावी. पुठ्ठ्यासाठी कारखान्यांस पाठवावयाच्या पत्राचा मसुदा केंद्रप्रमुखांकडे ठेवला आहे, तो जाताना घेऊन जावा.